न विचारलेली माणसे

२०१४ च्या उन्हाळ्यात, इंटरनेटवर फुटकळ कामे करून चार पैसे मिळवणाऱ्या अमेरिकी लोकांपुढे एक सोपे काम आले. ॲमेझॉनच्या ‘मेकॅनिकल टर्क’ या संकेतस्थळावर अशी कामे रोजच असत. छायाचित्रांतल्या वस्तू ओळखा, पावत्यांवरचा मजकूर टंकित करा, सर्वेक्षण भरा. हेही सर्वेक्षणच होते. स्वतःच्या स्वभावाविषयीचे प्रश्न आणि मोबदला एक-दोन डॉलर. माणूस अमेरिकेतला हवा आणि त्याने आपल्या फेसबुक खात्यातून एका ॲपला परवानगी द्यायला हवी, एवढीच अट. ॲपचे नाव होते ‘धिस इज युअर डिजिटल लाइफ’. पुढे क्वालट्रिक्स या सर्वेक्षण कंपनीमार्फतही माणसे गोळा झाली. सुमारे २ लाख ७० हजार जणांनी हे ॲप घेतले, प्रश्नांची उत्तरे दिली आणि ते आपापल्या उद्योगाला लागले.

परवानगीचे बटण दाबताना या लोकांनी आपले नाव, जन्मतारीख, राहते शहर आणि फेसबुकवर आवडलेली पाने ॲपच्या हवाली केली. इथवर समजण्यासारखे आहे, कारण ज्याचे होते त्यानेच दिले. पण त्याच बटणाने त्यांच्या यादीतल्या मित्रांचीही तशीच माहिती ॲपकडे गेली. मित्रांना कुणी विचारले नाही. फेसबुकच्या त्या वेळच्या रचनेत विचारायची गरजच नव्हती. जुन्या वाड्यातल्या एका भाडेकरूने पाहुण्याला दिंडीदरवाजातून आत घ्यावे आणि पाहुण्याने सगळ्या बिऱ्हाडांतून फिरून घराघरातल्या वह्या उतरवून घ्याव्यात, तसे हे झाले. फेसबुकने नंतर स्वतःच काढलेल्या अंदाजानुसार पावणेतीन लाख माणसांच्या परवानगीतून जास्तीत जास्त ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेलेली असू शकते.

ही माहिती ज्या कंपनीकडे पोहोचली त्या ‘केंब्रिज ॲनालिटिका’चे नाव घेतले की पुष्कळांना ‘डेटाचोरी’ हा शब्द आठवतो. मला तो अपुरा वाटतो. कुणी कुलूप फोडले नव्हते, संगणकप्रणालीत कुणी घुसखोरीही केली नव्हती. २००७ मध्ये फेसबुकने बाहेरच्या ॲप बनवणाऱ्यांसाठी आपले भांडार खुले केले, ते अधिकाधिक ॲप यावीत आणि लोक फेसबुकवर अधिक वेळ रमावेत म्हणून. मित्रांची माहिती हे त्यातले मोठे आमिष होते. शेतीचा खेळ बनवणारे, राशिभविष्य सांगणारे, वाढदिवसाची आठवण करून देणारे अशा कितीतरी ॲपना हा दरवाजा उघडा होता. २०१२ च्या निवडणुकीत बराक ओबामा यांच्या प्रचारयंत्रणेनेही तो वापरला. समर्थकांनी प्रचाराचे ॲप घ्यायचे, ॲपने त्यांच्या मित्रयादीतून कुंपणावरचे मतदार हुडकायचे आणि ‘या मित्राला मतदानाची आठवण करा’ असे सुचवायचे. ते उघडपणे, प्रचाराच्या नावानेच चालले होते, एवढा फरक नोंदवायलाच हवा. तरी त्या यादीतल्या मित्रांनाही कुणी विचारले नव्हते, आणि तेव्हा या युक्तीचे सर्वत्र कौतुकच झाले होते.

या कथेचे दुसरे टोक केंब्रिज विद्यापीठात आहे. पुढे तिथे संशोधन करणाऱ्या डेव्हिड स्टिलवेल याने विद्यार्थी असताना, २००७ मध्ये, फेसबुकवर ‘मायपर्सनॅलिटी’ नावाची स्वभावचाचणी ठेवली. मानसशास्त्रात माणसाचा स्वभाव पाच अंगांनी मोजण्याची एक सर्वमान्य पद्धत आहे: नवे स्वीकारण्याची वृत्ती, काटेकोरपणा, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थिरता. चाचणी दिली की माणसाला आपला निकाल कळे, आणि ज्यांची तयारी असे ते आपली फेसबुकवरची माहिती संशोधनासाठी देत. लाखो लोकांनी ती दिली. स्टिलवेल आणि त्याचा सहकारी मिखाल कोसिन्स्की यांनी मग या स्वभावगुणांचा आणि ‘लाइक’चा मेळ घालून पाहिला. थोरे ग्रेपेल यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या ५८ हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या लाइकवरून माणूस गोरा की काळा हे ९५ टक्के प्रसंगी, आणि डेमोक्रॅट की रिपब्लिकन हे ८५ टक्के प्रसंगी बरोबर ओळखता येत होते. पुरुषाचा लैंगिक कल ८८ टक्के प्रसंगी कळत होता, तोही त्याने स्वतः तसे काही लिहिलेले नसताना. २०१५ च्या जानेवारीत आलेल्या पुढच्या निबंधात आणखी एक तुलना होती. दहा लाइक हाताशी असले तर संगणक माणसाचा स्वभाव त्याच्या सहकाऱ्यापेक्षा बरा ओळखतो, सत्तर असले तर मित्रापेक्षा, दीडशे असले तर घरच्यांपेक्षा, आणि तीनशे असले तर जोडीदाराच्या तोडीने किंवा थोडा अधिकच.

हे शोध या संशोधकांनी लपवले नाहीत. पहिल्याच निबंधात त्यांनी सावध केले होते की कंपन्या, सरकारे किंवा एखाद्याचे फेसबुक-मित्रसुद्धा याचा वापर त्याच्या नकळत करू शकतील. इशारा छापला गेला, आणि ज्यांना ही विद्या विकत हवी होती त्यांनी तो निबंधही वाचला.

विकत घेणारी संस्था लंडनची होती. ‘स्ट्रॅटेजिक कम्युनिकेशन लॅबोरेटरीज’, म्हणजे एससीएल, ही नायजेल ओक्स या जाहिरातक्षेत्रातून आलेल्या माणसाची कंपनी. लोकांची वागणूक बदलण्याचे शास्त्र आपल्याकडे आहे, असा तिचा दावा. सैन्यदलांसाठी प्रचारयुद्धाची कामे आणि वेगवेगळ्या देशांत निवडणुका लढवणाऱ्यांना सल्ला, असा तिचा दुहेरी धंदा होता. निवडणुकांची बाजू अलेक्झांडर निक्स सांभाळत असे. ईटनमध्ये शिकलेला, रुबाबदार, बोलण्यात तरबेज माणूस. २०१३ मध्ये त्याच्या हाताखाली क्रिस्टोफर वायली हा कॅनडाचा विशीतला तरुण कामाला लागला. त्याच सुमारास अमेरिकेतून पैसा आला. ‘रेनेसान्स टेक्नॉलॉजीज’ या गुंतवणूकसंस्थेतून अब्जाधीश झालेले रॉबर्ट मर्सर रिपब्लिकन राजकारणाला पैसा पुरवत होते. त्यांनी सुमारे दीड कोटी डॉलर घातले, ब्राइटबार्ट संकेतस्थळाचा प्रमुख स्टीव्ह बॅनन उपाध्यक्ष झाला, आणि एससीएलच्या पोटातून केंब्रिज ॲनालिटिका जन्माला आली. केंब्रिज विद्यापीठाचा आणि या कंपनीचा औपचारिक संबंध काहीच नव्हता. नावातून तो भासत मात्र होता.

कंपनीला आधी स्टिलवेल-कोसिन्स्कींच्या केंद्राकडूनच सामग्री हवी होती. ते जुळले नाही. मग त्याच विद्यापीठातला मानसशास्त्राचा व्याख्याता अलेक्सांद्र कोगन पुढे आला. सोव्हिएत मोल्दोव्हात जन्मलेला, लहानपणीच अमेरिकेला गेलेला हा संशोधक. त्याने ‘ग्लोबल सायन्स रिसर्च’ नावाची कंपनी काढली आणि जून २०१४ मध्ये एससीएलशी करार केला. लेखाच्या सुरुवातीचे ॲप याच कराराचे. सर्वेक्षणाला लागलेले आठ लाख डॉलरहून अधिक पैसे केंब्रिज ॲनालिटिकाने दिले. बदल्यात तिला अमेरिकी मतदारांच्या स्वभावाचे गुणांकन मिळाले आणि कोगनला आपल्या संशोधनासाठी माहितीची प्रत ठेवता आली. पहिला भर ११ राज्यांवर होता. बहुतेकांची माहिती म्हणजे नाव, शहर, जन्मतारीख आणि लाइक. पण ॲप घेणाऱ्या सुमारे १,५०० जणांनी आपल्या संदेशपेटीचीही परवानगी दिली होती, असे फेसबुकने नंतर सांगितले. त्या पेटीतल्या प्रत्येक पत्राला दुसरी बाजू होती, आणि त्या बाजूच्या माणसाने कशालाच होकार दिला नव्हता.

फेसबुकला कळले कधी? मला हा प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. ११ डिसेंबर २०१५ ला लंडनच्या ‘गार्डियन’मध्ये हॅरी डेव्हिस या बातमीदाराचे वृत्त आले: सिनेटर टेड क्रूझ यांची अध्यक्षपदाची मोहीम मतदारांचे मानसशास्त्रीय वर्गीकरण वापरते आहे, आणि ते कोट्यवधी लोकांच्या नकळत जमवलेल्या फेसबुक-माहितीतून आले आहे. बातमी छापील होती, नावानिशी होती. फेसबुकने कोगनचे ॲप बंद केले. गोळा केलेली माहिती पुसून टाका आणि तसे लेखी प्रमाणपत्र द्या, असे त्याला व केंब्रिज ॲनालिटिकाला कळवले. वायलीला अशाच मागणीचे पत्र २०१६ च्या मध्यात, त्याने कंपनी सोडून दीड-दोन वर्षे झाल्यावर आले. त्याच्या सांगण्यानुसार एका चौकटीत खूण करून, सही करून ते परत धाडले की काम संपले. संगणक तपासायला कुणी आले नाही. ज्या कोट्यवधी लोकांची माहिती गेली होती त्यांना फेसबुकने एक ओळही लिहिली नाही. कोगनचा त्या कंपनीतला भागीदार तर २०१५ च्या नोव्हेंबरपासून फेसबुकमध्येच संशोधक म्हणून नोकरीला होता.

मार्च २०१८ पर्यंतची ही सव्वादोन वर्षांची शांतता अजाणतेपणाची होती असे म्हणायला जागा नाही. २०११-१२ मध्ये तिथे ॲपविषयक उल्लंघनांचे काम पाहणारा सँडी पॅराकिलास याने पुढे जाहीरपणे सांगितले की माहिती एकदा बाहेर गेली की तिचे काय होते हे पाहण्याची कोणतीही खात्रीची सोय कंपनीकडे नव्हती, आणि त्याने वरिष्ठांना तसे बजावले होते. मित्रांच्या माहितीचा दरवाजा बंद करायचे २०१४ च्या एप्रिलमध्ये जाहीर झाले, पण जुन्या ॲपना वर्षभराची मुदत मिळाली. त्या वर्षातच कोगनचे काम उरकले.

क्रूझ यांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये आयोवाची प्राथमिक फेरी जिंकली, पण पुढे ते हरले. केंब्रिज ॲनालिटिका मग डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे गेली. त्या मोहिमेने तिला सुमारे ५९ लाख डॉलर मोजले. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो येथे ट्रम्प यांचे डिजिटल कार्यालय होते. तिथे केंब्रिज ॲनालिटिकाची माणसे बसत, आणि जाहिराती कशा चालवाव्यात हे दाखवायला खुद्द फेसबुकचे कर्मचारीही. नोव्हेंबरात ट्रम्प निवडून आले, आणि निक्स आपल्या कंपनीचा पराक्रम सांगत फिरू लागला.

हा पराक्रम खरा होता का, यावर आजही वाद होतो. निक्सच्या भाषणांवर विसंबायचे तर प्रत्येक मतदाराच्या मनाची कळ त्याच्या हाती होती. अभ्यासकांचे मत वेगळे आहे. कोगनने नंतर सांगितले की त्याचे अंदाज एकेका माणसाच्या बाबतीत बहुतांश चुकीचेच निघत. ट्रम्प यांच्या मोहिमेतल्यांचे म्हणणे होते की त्यांनी पक्षाची स्वतःची मतदारयादी वापरली, स्वभावचित्रे वापरलीच नाहीत. ब्रिटनच्या माहिती आयुक्त एलिझाबेथ डेनहॅम यांच्या कार्यालयाने ४२ लॅपटॉप व संगणक, ३१ सर्व्हर, ७०० टेराबाइट माहिती आणि तीन लाखांहून अधिक कागदपत्रे तपासली. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी संसदीय समितीला कळवले की कंपनीच्या पद्धती बव्हंशी बाजारात सर्वांना उपलब्ध असलेल्याच होत्या, बाहेर मारलेल्या बढाया आणि आतले काम यांतल्या तफावतीची चिंता कंपनीतल्या लोकांनाही होती, आणि ब्रेक्झिटच्या सार्वमतात तिचा सुरुवातीच्या काही चौकशांपलीकडे सहभाग दिसत नाही.

यावरून काही जण म्हणतात, मग एवढा गहजब कशाला? मला हे म्हणणे पटत नाही. मतदाराचे मन वळले की नाही, हा परिणामाचा प्रश्न. मतदाराला न विचारता त्याचे वर्गीकरण करून, त्याला काय दाखवायचे आणि काय लपवायचे हे ठरवणे, हा अधिकाराचा प्रश्न आहे. दुसऱ्याचे उत्तर पहिल्यावर अवलंबून नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘चॅनेल फोर न्यूज’ने ट्रम्प यांच्या २०१६ च्या मोहिमेची माहितीसूची मिळवून दाखवली. जवळजवळ २० कोटी अमेरिकी मतदार त्यात वेगवेगळ्या गटांत विभागलेले होते. एका गटाचे नाव होते ‘डिटरन्स’, म्हणजे ज्यांनी घरी बसावे, मत द्यायला जाऊच नये असे वाटते ते. त्या गटात ३५ लाख काळ्या अमेरिकी नागरिकांची नावे होती. ज्या समाजाला मतदानाचा हक्क प्रत्यक्षात मिळवायला १९६५ च्या कायद्यापर्यंत लढावे लागले, त्यातल्या माणसांच्या नावापुढे पन्नास वर्षांनी कुणीतरी अशी खूण केली. खुणेचा उपयोग झाला की नाही हे मोजून ती कमी अपमानकारक ठरत नाही.

हे सारे उजेडात आले ते कॅरोल कॅडवॉलाडर या पत्रकाराच्या चिकाटीमुळे. ‘ऑब्झर्व्हर’साठी लिहिताना तिने वर्षभर वायलीचा विश्वास कमावला. वायली गोपनीयतेच्या कराराने बांधलेला होता, घाबरलेलाही होता. शेवटी तो नावानिशी, चेहऱ्यानिशी बोलायला तयार झाला. प्रकाशनाच्या आदल्या दिवशी फेसबुककडून वृत्तपत्राला कायदेशीर कारवाईचा इशारा आला. १६ मार्च २०१८ च्या रात्री फेसबुकने घाईने केंब्रिज ॲनालिटिका, कोगन आणि वायली यांची खाती निलंबित केल्याचे जाहीर केले. १७ मार्चला ‘ऑब्झर्व्हर’ आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ यांनी एकाच वेळी बातमी छापली. त्यांचा आकडा ५ कोटींचा होता. ८ कोटी ७० लाखांचा आकडा फेसबुकनेच एप्रिलमध्ये दिला. बातमीनंतर दोनच दिवसांनी ‘चॅनेल फोर’ने छुप्या कॅमेऱ्यात टिपलेला निक्स दाखवला. श्रीलंकेतल्या श्रीमंत ग्राहकाचा मध्यस्थ म्हणून आलेल्या वार्ताहराला तो सांगत होता की प्रतिस्पर्ध्याला लाचेच्या जाळ्यात पकडता येते, त्याच्या घरी बायका पाठवता येतात. कंपनीने त्याला निलंबित केले. २३ मार्चच्या रात्री न्यायालयाचे वॉरंट घेऊन आयुक्तांची माणसे लंडनच्या कचेरीत शिरली. २ मे रोजी केंब्रिज ॲनालिटिकाने दिवाळखोरी जाहीर करून दुकान बंद केले.

मार्क झुकरबर्ग पाच दिवस गप्प होते. १० एप्रिलला ते अमेरिकी सिनेटच्या दोन समित्यांपुढे बसले. चव्वेचाळीस सिनेटर, सुमारे पाच तास. प्रश्नांवरून दिसत होते की काहींना फेसबुक चालते कसे याचीच कल्पना नव्हती. पण इलिनॉयचे डिक डर्बिन यांचा प्रश्न नेमका लागला. काल रात्री तुम्ही कोणत्या हॉटेलात उतरलात ते इथे सांगाल का? झुकरबर्ग थबकले आणि नाही म्हणाले. या आठवड्यात कुणाकुणाला संदेश पाठवलेत, त्यांची नावे सांगाल? त्यालाही नकार. दुसऱ्या दिवशी प्रतिनिधिगृहाच्या समितीत ॲना एशू यांनी विचारले की बाहेर गेलेल्या माहितीत तुमची होती का. होती, असे त्यांनी मान्य केले. ज्याने घर बांधले त्याच्याही खोलीत पाहुणा जाऊन आला होता.

ब्रिटिश संसदेने मात्र वारंवार बोलावूनही ते गेले नाहीत. २७ नोव्हेंबर २०१८ ला ब्रिटिश खासदार डेमियन कॉलिन्स यांच्या अध्यक्षतेखाली नऊ देशांचे लोकप्रतिनिधी लंडनमध्ये जमले. टेबलावर झुकरबर्ग यांच्या नावाची पाटी, मागे रिकामी खुर्ची आणि शेजारी उत्तरे द्यायला पाठवलेले कंपनीचे अधिकारी रिचर्ड ॲलन.

दंडाची हकिगत थोडक्यात आटोपते. ब्रिटनने फेसबुकला ५ लाख पौंडांचा दंड केला. तिथल्या जुन्या कायद्यात त्याहून अधिक करताच येत नव्हता. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ५ अब्ज डॉलरचा दंड ठोठावला. ही रक्कम ऐकायला प्रचंड, पण आदल्या वर्षी फेसबुकचा महसूल ५५ अब्ज डॉलरच्या वर होता, आणि दंडाची बातमी फुटली त्या दिवशी शेअरचा भाव वाढला. निक्सला ब्रिटनमध्ये सात वर्षे कंपनी-संचालक होण्यास मनाई झाली. डिसेंबर २०२२ मध्ये फेसबुकची मालक असलेल्या मेटाने ७२.५ कोटी डॉलर देऊन अमेरिकी वापरकर्त्यांचा खटला मिटवला.

एका माणसाची लढाई या सगळ्याहून माझ्या लक्षात राहिली आहे. न्यूयॉर्कमधले प्राध्यापक डेव्हिड कॅरल यांना २०१७ मध्ये केंब्रिज ॲनालिटिकाकडून एक साधी गोष्ट जाणून घ्यायची होती: माझ्याविषयी तुमच्याकडे काय आहे? अमेरिकेत असा हक्क नव्हता. पण माहितीवर प्रक्रिया लंडनमध्ये झाल्याने ब्रिटिश कायद्याखाली अर्ज करता येत होता. मार्चमध्ये त्यांना एक तक्ता आला. त्यांची राजकीय मते, कोणत्या मुद्द्याला ते किती महत्त्व देतात याचे आकडे, मतदानाचा इतिहास. हे कुठून आणले, कसे काढले, कुणाला दिले, याचे उत्तर मात्र नव्हते. कॅरल यांनी आयुक्तांकडे दाद मागितली. आयुक्तांनी मे २०१८ मध्ये कंपनीला संपूर्ण उत्तर देण्याचा आदेश काढला. कंपनीने तो पाळला नाही. जानेवारी २०१९ मध्ये एससीएल इलेक्शन्सने आदेशभंगाचा गुन्हा न्यायालयात कबूल केला आणि १५ हजार पौंड दंड भरला. एका माणसाला त्याची स्वतःची माहिती देण्यापेक्षा गुन्हेगार ठरणे त्या कंपनीला परवडले.

आता भारत. फेसबुकने एप्रिल २०१८ मध्ये कळवले की कोगनचे ॲप भारतातल्या ३३५ जणांनी घेतले होते, आणि भारतातल्या एकूण ५ लाख ६२ हजार ४५५ जणांची माहिती बाहेर गेलेली असू शकते. मला या साऱ्या प्रकरणात याहून बोलका आकडा सापडला नाही. इथल्या दर एका होकारामागे जवळजवळ सतराशे माणसे, ज्यांना कधी विचारलेच नाही. त्यांतल्या कित्येकांचा दोष एवढाच, की अमेरिकेत गेलेल्या भावाची, जुन्या वर्गमित्राची किंवा शेजारच्या मुलाची मैत्रीची विनंती त्यांनी स्वीकारली होती.

दिल्लीत या आकड्याआधीच धुरळा उडाला होता. २१ मार्चला तत्कालीन माहिती-तंत्रज्ञान मंत्री रविशंकर प्रसाद यांनी झुकरबर्ग यांना भारतात बोलावून घेण्याचा इशारा दिला, आणि त्याच पत्रकार परिषदेत काँग्रेसवर केंब्रिज ॲनालिटिकाशी संबंध असल्याचा आरोप केला. काँग्रेसने तो नाकारून भाजप आणि संयुक्त जनता दलाकडे बोट दाखवले. कंपनीच्याच संकेतस्थळावर २०१० च्या बिहार निवडणुकीतल्या यशाची जाहिरात होती: लक्ष्य केलेल्या जागांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ग्राहकाने जिंकल्या. केंब्रिज ॲनालिटिका तेव्हा जन्मलीही नव्हती, काम असलेच तर ते एससीएलचे. २७ मार्चला वायलीने ब्रिटिश संसदीय समितीला सांगितले की कंपनीने भारतात पुष्कळ काम केले आणि त्याच्या समजुतीप्रमाणे काँग्रेस तिची ग्राहक होती. दुसऱ्या दिवशी त्याने एससीएल इंडियाची काही पाने प्रसिद्ध केली.

त्या पानांमध्ये मराठी वाचकाने थबकावे असे काही आहे. मुख्य कार्यालय गाझियाबादला आणि प्रादेशिक कार्यालयांच्या यादीत अहमदाबाद, पाटणा, हैदराबाद यांच्या पंक्तीला पुणे. सहाशेहून अधिक जिल्हे आणि सात लाख गावे यांची माहिती आपल्याकडे असून ती सतत अद्ययावत होते, असा दावा. २०१२ च्या उत्तर प्रदेश निवडणुकीसाठी एका राष्ट्रीय पक्षाकरता घरोघरची जातनिहाय पाहणी. जाहिरातवजा कागदातले किती खरे मानायचे हा प्रश्न राहतोच. निक्सच्या कंपनीची बढाई आपण वर पाहिलीच. पण विकायला काय मांडले होते ते स्पष्ट आहे. अमेरिकेत स्वभावाचे पाच गुण मांडले, इथे जात. फेसबुकची गरजही लागली नव्हती. वहीपेन्सिल घेऊन दारात आलेल्या मुलाला बाईने पाणी देऊन आडनाव सांगितले असेल, आणि ते कुणासाठी हे तिला कळले नसेल.

दोन्ही बाजूंच्या पक्षांनी एकमेकांवर आरोप केले, आणि आरोपांच्या गोंगाटात मतदार बाजूला पडला. एकाही मोठ्या पक्षाने आपल्याकडे मतदारांची कोणती माहिती आहे आणि ती कुठून आली, हे स्वतःहून मांडले नाही. केंद्रीय गुन्हे अन्वेषण विभागाने जानेवारी २०२१ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका आणि ग्लोबल सायन्स रिसर्च यांच्याविरुद्ध गुन्हा नोंदवला. तोवर पहिली कंपनी बंद पडून अडीच वर्षे उलटली होती. मेटाच्या तडजोडीतून भारतातल्या साडेपाच लाखांना काही मिळण्याचा प्रश्न नव्हता. ती अमेरिकेपुरती होती.

कायद्याची वाट त्याआधीच आखली जात होती. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमुखाने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीत नागरिकांचे हक्क डावलणारा जबलपूर खटल्याचा निकाल चुकीचा ठरवला. त्या जुन्या निकालावर त्यांच्या वडिलांची, न्या. यशवंत चंद्रचूड यांची सही होती. माहितीसंरक्षणाचा मसुदा करण्याचे काम न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीकडे आले, म्हणजे मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्याच न्यायमूर्तींकडे. फेसबुक प्रकरणाच्या ऐन गदारोळात, जुलै २०१८ मध्ये, समितीचा अहवाल आला. त्याचा कायदा व्हायला पाच वर्षे लागली, आणि मधल्या मसुद्यांमध्ये तो इतका बदलला की सरकारला मिळालेल्या सवलतींवर पहिली टीका करणाऱ्यांत श्रीकृष्ण स्वतः होते.

ऑगस्ट २०२३ च्या या कायद्यानुसार संमती ज्याची माहिती त्यानेच, मोकळेपणी आणि नेमक्या कारणासाठी द्यायची असते. कोगनच्या ॲपसारखी मित्रांमार्फत घेतलेली परवानगी त्याखाली टिकणार नाही, हा खरा लाभ आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. पण केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना अधिसूचना काढून या कायद्यातून वगळू शकते. माणसाने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहितीही कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, म्हणजे उघड खात्यावरचे लाइक, छायाचित्रे, आडनाव आणि गाव गोळा करणाऱ्या पक्षाला इथे अडवणारे काही नाही. निवडणूक आयोग २०१३ पासून उमेदवाराकडून समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींचा खर्च मागतो. मतदारांची माहिती कुणाकडून घेतली, कोणत्या गटात कुणाला घातले, हे आयोग उमेदवाराला विचारत नाही, आणि पक्षालाही नाही.